पुढचा ब्रेक बदलायचा म्हणजे काय काय बदलायचं?

आजचा विषय मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकचा. बचत गटाच्या कार्यक्रमात हा विषय कुठून आला, असं कुणाला वाटेल. तर तो कर्जाच्या वहीतून आला. आमच्या भागात, म्हणजे भोसरी-मोशीपासून चाकण, महाळुंगे, खेडपर्यंतच्या पट्ट्यात, घरटी एक तरी मोटारसायकल आहे आणि ती एमआयडीसीच्या पाळीवर जाते. गाडीचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, गाडीचा विमा या कारणांसाठी गटातून अंतर्गत कर्ज मागितलं जातं. मागणी घरातल्या पुरुषासाठी असते, सही मात्र आपली असते. म्हणून ज्या कामाला पैसा जातो ते काम आपल्याला कळायला हवं, असं आम्हाला वाटतं.

आमच्या एका गटात एका ताईने साडेआठ हजारांचं कर्ज मागितलं. कारण सांगितलं, "पोराच्या गाडीला पुढं डिस्क बसवायची आहे." पोरगा चाकणच्या एका कारखान्यात तिसऱ्या पाळीला जातो. गाडी १२५ सीसीची, पुढे ड्रम ब्रेक. अंधारात, कंटेनरच्या मधून जायचं असतं. ताई म्हणाली, "सकाळी गाडीचा आवाज ऐकू आला की मगच चुलीवर चहा ठेवते." बैठकीत दोन मतं पडली. एकीचं म्हणणं, ही हौस आहे, शेळीला नाही म्हणायचं आणि डिस्कला हो म्हणायचं का? दुसरी म्हणाली, जिवापेक्षा शेळी मोठी का? दोघींचंही बरोबर होतं, पण दोघींनाही डिस्क म्हणजे नेमकं काय ते माहीत नव्हतं. मेकॅनिकने एका चिठ्ठीवर फक्त आकडा लिहून दिला होता. मग गटाने ठरवलं, आधी समजून घेऊ, पैशाचं नंतर बोलू. त्या समजून घेण्यातून हे सगळं आलं आहे.

आधी एक भीती बाजूला ठेवू. आपल्याकडे मुलींना गाडी शिकवताना पहिली सूचना काय देतात? "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील." ही सूचना अर्धवट आहे. एसटीने करकचून ब्रेक मारला की आपण सगळ्या पुढच्या सीटवर आदळतो, आठवतंय ना? मोटारसायकलचंही तेच होतं. ब्रेक लागला की गाडीचं आणि माणसाचं वजन पुढच्या चाकावर येतं. पुढचं टायर रस्त्याला घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला कितीही ब्रेक लावला तरी ते नुसतं घसरतं. जोरात थांबायचं असेल तेव्हा थांबवण्याचं साधारण सत्तर टक्के काम पुढचं चाक करतं. म्हणजे जी फक्त मागचा ब्रेक वापरते, ती आपल्या गाडीचा मोठा ब्रेक घरी ठेवून निघते. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, लिंबू पिळतो तसा दाब वाढवत न्यायचा. वाळू, शेण, ओला पांढरा पट्टा, बाजार समितीच्या दारातली कांद्याची टरफलं, आणि वळण, इथे मात्र हात हलका ठेवायचा.

आता ड्रम आणि डिस्क. ड्रम ब्रेक म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेलं पातेलं समजा. आत दोन अर्धगोल ब्रेक शू असतात. हँडलवरचा लिव्हर दाबला की तार ओढली जाते आणि ते शू पातेल्याला आतून रेटतात. घासून चाक थांबतं. साधी, स्वस्त, झाकलेली रचना. १९७२ साली आपल्या आकुर्डीत बजाज चेतक स्कूटर तयार होऊ लागली, तिला पुढे-मागे ड्रमच होते, आणि एका अख्ख्या पिढीचा संसार त्या ड्रमवर थांबला आणि चालला. त्यामुळे ड्रम म्हणजे वाईट, असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक पोलादी ताट उघड्यावर फिरतं. त्याच्या कडेला कॅलिपर नावाचा चिमटा असतो, चिमट्यात दोन पॅड. लिव्हर दाबला की तार ओढली जात नाही, ब्रेक ऑइल ढकललं जातं. हँडलवरच्या छोट्या डबीत, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये, बारीक दट्ट्या असतो आणि खाली कॅलिपरमध्ये मोठा. इंजेक्शनच्या बारीक सिरिंजने जाड सिरिंज ढकलली तर जाड सिरिंज हळू सरकते पण जोर जास्त लावते. तीच युक्ती इथे आहे. म्हणून दोन बोटांनी दाबूनही चिमटा घट्ट आवळला जातो. आपल्यासारख्या लहान हाताच्या बायकांना हा फरक लगेच जाणवतो.

डिस्क मोठी घेतली की ब्रेक चांगला, असं पोरं म्हणतात. त्यात तथ्य आहे, आणि ते आपल्या आज्यांना माहीत होतं. जात्याचा खुंटा मधे नसतो, कडेला असतो. कडेला धरलं की कमी जोरात जातं फिरतं, आणि थांबवायलाही कमी जोर लागतो. मोठ्या डिस्कवर पॅड मध्यापासून लांब पकडतात, एवढंच ते आहे. पण जातं दगडाचं असतं आणि जमिनीवर बसलेलं असतं. मोटारसायकलचा शॉकअप, टायर आणि रिम तो जास्तीचा जोर सोसतील का, हा पुढचा प्रश्न आहे.

डिस्कचा खरा फायदा पावसात आणि उतारावर. ब्रेक लावणं म्हणजे वेगाची उष्णता करणं. खेड घाट उतरताना, मागे माणूस आणि दोन बाजूंना दुधाच्या किटल्या असताना, सारखा ब्रेक धरून ठेवला की ड्रम आतून तापतो, आणि झाकलेला असल्यामुळे ती उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. ब्रेक ढिला वाटायला लागतो. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर निवते. पावसाळ्यात पश्चिम खेडमध्ये किंवा मावळात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचा एखाद-दुसरा ब्रेक रिकामा जातो. डिस्कवरचं पाणी पॅड पुसून टाकतात.

हा ब्रेक काही कालचा नाही. होंडा कंपनीने १९६९ साली सीबी ७५० नावाची मोठी मोटारसायकल पुढच्या डिस्कसह मोठ्या संख्येने विकायला काढली, तेव्हापासून तो जगभर पसरला. आपल्या दारात यायला मात्र बराच काळ गेला. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ साली सुरू झाला, २००१ मध्ये पल्सर आली आणि पोरांच्या तोंडी 'डिस्क' हा शब्द आला. इटलीची ब्रेम्बो ही ब्रेक बनवणारी कंपनी २००६ मध्ये भागीदारीतून भारतात उतरली, २००८ मध्ये तिने तो धंदा पूर्ण आपल्या हातात घेतला, आणि लहान-मध्यम गाड्यांसाठी 'बायब्रे' नावाचे ब्रेक आपल्या चाकणलाच तयार होऊ लागले. चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या गाड्यांना तेच असतात. २०१६ च्या डिसेंबरमध्ये बजाजची डोमिनार ही मोठी गाडी बाजारात आली, तीही चाकणचीच. तिच्या जुळणीची लाइन महिलांची होती. डोमिनारची पुढची डिस्क ३२० मिलिमीटरची, म्हणजे फूटभराहून थोडी जास्त. ते ताट बसवणारे हात कुणाचे होते, हे 'बायकांना गाडीतलं काय कळतं' म्हणणाऱ्यांना जरूर सांगा.

कायद्यानेही ब्रेकमध्ये हात घातला आहे. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि १२५ सीसीपर्यंतच्यांना निदान सीबीएस बंधनकारक झालं. एबीएस म्हणजे चाक अडकून घसरायला लागलं की यंत्र स्वतःच ब्रेक क्षणभर सोडतं आणि पुन्हा धरतं. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा ब्रेक आपोआप लागतो. बहुतेक मोटारसायकलींमध्ये पायातला ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. हे लक्षात ठेवा, कारण घोटाळा इथेच होतो.

आता आकड्यांकडे येऊ. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० ने जवळजवळ १७ मीटर. समोर काही दिसल्यापासून हात लिव्हरवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ६० च्या वेगाने १७ मीटर गेले, हा पैसा कुठलीही डिस्क परत देत नाही. त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक आणि चांगलं टायर असेल तर गाडी आणखी सुमारे २३ मीटरवर थांबते. ब्रेक मरगळलेला असेल तर ३५ मीटरही लागतात. फरक १२ मीटरचा. चाकणच्या चौकात उभा असतो तो चाळीस फुटी कंटेनर बरोबर तेवढाच लांब असतो. मात्र ४० च्या वेगाने गेलं तर तोच मरगळलेला ब्रेकही १५-१६ मीटरवर गाडी थांबवतो. वेग कमी करायला गटाचं कर्ज लागत नाही, हे आम्ही त्या पोरालाही सांगितलं. त्याने मान हलवली, पुढचं त्याच्या हातात.

त्या चिठ्ठीकडे येऊ. आम्ही मेकॅनिकला म्हटलं, आकडा नको, यादी द्या. ड्रमच्या गाडीला पुढे डिस्क बसवायची तर काय काय लागतं? डिस्क, कॅलिपर आणि पॅड, मास्टर सिलिंडर आणि त्याचा लिव्हर, होज पाइप हे तर दिसतंच. पण ड्रमच्या चाकाच्या हबला डिस्क बसवायची जागाच नसते, म्हणून चाक बदलायचं. ॲक्सल आणि त्याचे बुश वेगळे. स्पीडोमीटरची तार ड्रमच्या झाकणातून निघते, तिची सोय करायची. पुढचा लिव्हर दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो तो स्विचही बदलायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शॉकअपचा खालचा नळा. डिस्कच्या गाडीत त्या नळ्यालाच कॅलिपरचे बोल्ट बसवायला कान असतात, ड्रमच्या गाडीत ते नसतात. चिठ्ठीत शॉकअप नव्हताच. "पट्टी वेल्डिंग करून देतो," असं उत्तर आलं.

इथे आम्ही ठाम आहोत. पुढच्या शॉकअपला वेल्डिंग करून कॅलिपर लावायचा नाही. कधीच नाही. खालचा नळा बहुतेक ॲल्युमिनियमचा ओतीव असतो, त्यावर केलेलं वेल्डिंग वरून चांगलं दिसतं आणि आतून ठिसूळ राहतं. थांबवण्याचा सगळा झटका त्या दोन कानांवर येतो. तो कान तुटला तर ब्रेक तर जातोच, वर सुटलेला कॅलिपर चाकात अडकतो.

दुसरा प्रश्न सीबीएसचा. पोराची गाडी २०१९ नंतरची. तिच्या पायातल्या ब्रेकची एक तार पुढच्या ड्रमला जाते. दुसऱ्या मॉडेलची डिस्क बसवली की ती तार लोंबकळणार. "ती काढून टाकू," हे उत्तर चालत नाही. कायद्याने गाडीसोबत दिलेली सुरक्षा काढून आपण पैसे देऊन दुसरी बसवणार, हा कसला व्यवहार? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा आरसीतली माहिती वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. मोठा बदल करायच्या आधी मोशीच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नंतर अपघाताच्या दाव्यात तोच मुद्दा काढला जाऊ शकतो.

मग बदल करायचाच नाही का? करता येतो, पण एकाच रस्त्याने. त्याच मॉडेलची, त्याच सालाच्या आसपासची डिस्कवाली गाडी कंपनी विकत असेल, तर तिचेच सगळे सुटे भाग, शॉकअपपासून स्विचपर्यंत, पूर्ण संच म्हणून, पक्क्या बिलाने. आणि काम अधिकृत सर्व्हिस सेंटरवर किंवा असं काम आधी केलेल्या मेकॅनिककडून. पूर्ण संचाचा लेखी अंदाज घेतला की बऱ्याचदा आकडा इतका वाढतो, की जुनी गाडी देऊन डिस्कवाली घेण्यातला फरक कितीचा आहे, तेही विचारून पाहावंसं वाटतं. विचाराच.

भोसरी-चाकणची आणखी एक खासियत आहे. "कंपनीतलाच माल आहे ताई, लाइनवरून बाहेर आलेला, निम्म्या किमतीत." लाइनवरून बाहेर का आला, हे विचारा. तपासणीला बसणाऱ्या आपल्यातल्याच मुलींनी ज्या नगावर लाल खूण केली, तो नग आपण निम्म्या पैशात पुढच्या चाकाला लावणार? आरसा घ्या हवं तर. ब्रेकचा भाग असा घेऊ नका.

ताईच्या गाडीचं शेवटी काय झालं ते सांगते, कारण तेच बहुतेक घरांना लागू पडतं. आम्ही गाडी आधी नीट उघडून पाहायला सांगितली. पुढचं टायर गुळगुळीत झालं होतं. ब्रेक शू झिजून चकाकत होते. तार गंजून नळीत अडकत होती, त्यामुळे लिव्हरवर लावलेला अर्धा जोर तारेतच मरत होता. असल्या टायरवर कितीही मोठी डिस्क लावली तरी चाक फक्त लवकर अडकलं असतं. रस्त्याला धरतं ते टायर, ब्रेक फक्त चाकाला धरतो. गटाने टायर, शू आणि तार एवढ्यासाठी कर्ज दिलं, मूळ मागणीच्या निम्म्याहून कमी. महिनाभराने पोरगं म्हणालं, ब्रेक लागतो. डिस्क अजून त्याच्या मनात आहेच, पण आता तो स्वतः डिस्कवाल्या गाडीसाठी पैसे साठवतो आहे.

ज्यांच्या गाडीला आधीच डिस्क आहे त्यांच्यासाठी सुधारणा त्याहून सोपी. चांगल्या प्रतीचे नवे पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल, इतक्यानेच गाडी बदलल्यासारखी वाटते. पॅडवर एक खाच असते, ती दिसेनाशी झाली की पॅड संपले. डिस्क किमान किती जाड हवी, तो आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. ब्रेक ऑइल हे नावाचंच तेल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. उतारावर ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर स्पंजासारखा हँडलपर्यंत येतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं, तेच घ्यायचं, सीलबंद बाटलीतलं. घरात उघडी पडलेली अर्धी बाटली वापरू नका, आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका, ते विषारी आहे. रंगावर सांडलं तर रंगही खातं. इंजिन ऑइल किंवा घरातलं तेल त्या डबीत चुकूनही नको, आतले रबर फुगून ब्रेक जाम होतो. डबीतली पातळी खाली गेली असेल तर नुसतं ओतून भरू नका. पॅड झिजले की पातळी उतरते, म्हणून आधी पॅड पाहा, मग गळती. जुन्या रबरी होज पाइपला चिरा असतील तर तो बदला. पोलादी जाळीचा पाइप जास्त टिकतो आणि दाबाने फुगत नाही, पण तो त्याच गाडीच्या मापाचा हवा.

काम झालं की पैसे द्यायच्या आधी आपण तपासायचं. लिव्हर घट्ट दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली जात असेल तर आत हवा आहे किंवा गळती आहे, परत करायला सांगा. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवा, होज पाइप ताणला जाता कामा नये. पुढचं चाक उचलून फिरवा, मोकळं फिरलं पाहिजे. लिव्हर दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का, ते कुणाला तरी मागे उभं करून पाहा. जुने भाग मागून घ्या, बिलावर प्रत्येक भाग वेगळा लिहून घ्या, ते बिल कर्जाच्या अर्जाला जोडायचं. ड्रममधली धूळ मेकॅनिक तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवत असेल तर लांब उभ्या राहा आणि त्यालाही ओल्या फडक्याने पुसायला सांगा. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसात राहते.

नवे पॅड किंवा शू पहिल्या दिवशी पूर्ण धरत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगावरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा-पंधरा वेळा हळू ब्रेक लावायचा, मधे थोडं चालवून निवू द्यायचं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर अंतर राखून चालवायचं. हे पोराला सांगा, कारण नवा ब्रेक बसवला त्याच दिवशी मित्रांना दाखवायची घाई असते.

आणि दसऱ्याचं. गाडी धुतली, चकाकावी म्हणून तेलाचा हात फिरवला, हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. हळदीकुंकू टाकीवर लावा, हार हँडलला आखूड बांधा, म्हणजे दोरा चाकात जाणार नाही. डिस्कला तेलाचा हात लागू देऊ नका, चेनला तेल मारतानाही डिस्कवर जुनं फडकं धरा. तेल प्यालेले पॅड धुऊन सुधारत नाहीत, नवेच घ्यावे लागतात.